घरामागचं माळरान: कामाच्या नोंदी

१९ मार्च २०२३

आज जागा मोजली. साधारण पन्नास चौरस मीटर, दिवसभर ऊन, एका बाजूला कंपाउंडची भिंत, जमीन मुरमाड, पाणी थांबत नाही. अशा जागेचं सगळे एकच करतात, ट्रॉलीभर काळी माती आणायची, शेणखत मिसळायचं आणि लॉन अंथरायचं. मला ते नकोय. दख्खनच्या माळावर पावसाळ्यात जे दिसतं, कमरेएवढं गवत आणि त्या गवतातून डोकं काढणारी फुलं, तेच घरामागे हवंय, आणि बहुवर्षायू, म्हणजे एकदा मूळ धरलं की दरवर्षी त्याच मुळातून वर येणारं.

ही कल्पना तशी जुनी. आयरिश बागलेखक विल्यम रॉबिन्सन १८७० पासून लिहीत होते की बागेत कणखर झाडं रानातल्यासारखी मोकळी वाढू द्या, मग जर्मनीत कार्ल फोर्स्टर यांनी गवतांना बागेत मानाची जागा दिली, आणि आता डच बाग-डिझायनर पीट औडोल्फ यांचं काम सगळ्यांना माहीत झालंय, शिकागोचं लुरी गार्डन २००४ चं आणि न्यूयॉर्कची हाय लाइन २००९ पासूनची. त्यांची रोपांची यादी माझ्या उपयोगाची नाही, त्यातली बरीच झाडं थंडी मिळाल्याशिवाय नीट चालत नाहीत. पण बांधणी घेण्यासारखी आहे, खाली गवताचं सलग अस्तर आणि त्यात फुलं विखुरलेली, ज्याला ते मॅट्रिक्स प्लँटिंग म्हणतात. आणि त्यांच्याकडे बाग थंडीत झोपते, आपल्याकडे उन्हाळ्यात. छाटणी, लागवड, बी, सगळ्याचं कॅलेंडर यावरून नव्याने बांधावं लागणार.

अस्तर कुठल्या गवताचं हे ठरवायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतातल्या गवताळ प्रदेशांचे पाच प्रकार मांडले, त्यात दख्खन आणि मध्य भारताचा जो प्रकार आहे त्याला त्यांनी नावच 'सेहिमा–डायकॅन्थियम' दिलं. सेहिमा म्हणजे पवना आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेल. सरकारी कागदावर ज्या जमिनीला सर्रास पडीक म्हणतात, तिथली ही दोन मुख्य गवतं. पडीक हा शब्द मला लागतो, कारण त्या जमिनीवर माळढोक जगत होता, लांडगा अजून जगतोय, आणि तिथलं गवत शेकडो वर्षं चरूनही संपलेलं नाही.

२ एप्रिल २०२३

गवताचं बी ट्रेमध्ये टाकलं. हे मागच्या नोव्हेंबरात रस्त्याकडेच्या माळावरून गोळा केलेलं, जिथे गवत भरपूर आहे तिथूनच आणि प्रत्येक ठोंबातून थोडं थोडं. ताजं बी टाकून उपयोग नसतो, या गवतांचं बी काही महिने सुप्त राहतं, कुसळी गवताचं तर वर्षभरसुद्धा, म्हणून ते कागदी पिशवीत कोरड्या जागी ठेवलं होतं.

एक गोष्ट ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. गवताचं बी म्हणून आपण जे ओरबाडतो त्यातलं बरंच पोकळ असतं. वरचं तूस, केस, कुसळ सगळं जागच्या जागी, पण आत दाणाच नाही. एकेक घेऊन नखाने दाबून बघायचं, दाणा असेल तर नखाला टणक लागतं, नसेल तर चपटं होतं. आधी मूठभर बी असं तपासलं की किती दाट पेरायचं याचा अंदाज येतो. मारवेलमध्ये बऱ्यापैकी दाणा होता, पवन्यात कमी, म्हणून पवना दुप्पट टाकला. कोकोपीट आणि बारीक मुरूम निम्मं निम्मं, बी फक्त दाबून बसवलं, वरून अगदी पातळ थर.

९ एप्रिल २०२३

जमीन तयार करणं हेच खरं काम आहे, बाकी सगळं त्यामानाने सोपं. शत्रू तीन. हरळी, लव्हाळा आणि गाजर गवत.

गाजर गवताची मला भीती नाही, ते वर्षायू आहे, फुलण्याआधी उपटलं की संपलं. (हातमोजे घालून, अनेकांना त्याची ॲलर्जी असते.) हरळी आणि लव्हाळा मात्र जमिनीखालून खेळतात. लव्हाळ्याच्या गाठी एकीला एक जोडलेल्या साखळीत असतात, वरचा कोंब ओढला की तो तुटून हातात येतो आणि खालची गाठ नवा कोंब काढते. म्हणून आधी कुदळीने खोल खणून, मुरूम चाळणीवर टाकून गाठी आणि हरळीची कांडी वेचली. फार वेळखाऊ आहे पण याला पर्याय मला तरी दिसत नाही.

मग जमीन चांगली भिजवून वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट ताणून कडा मातीत गाडल्या. काळं नाही, पारदर्शकच, कारण ऊन आत जाऊन जमीन तापली पाहिजे आणि ओली असेल तरच उष्णता खोल जाते. एप्रिल-मेच्या उन्हात पाच-सहा आठवडे ठेवलं की वरच्या थरातलं तणाचं बरंचसं बी शिजून मरतं. लव्हाळ्याच्या गाठी याने मरत नाहीत हे नक्की, त्याचे कोंब प्लास्टिकला भोकं पाडूनसुद्धा वर येतात, म्हणून वेचणी आधी केली.

२८ मे २०२३

प्लास्टिक काढलं. आता जमीन अजिबात खणायची नाही, खालचं जिवंत बी वर आलं तर सगळी मेहनत वाया.

वर खोल खड्ड्यातून काढलेल्या स्वच्छ मुरमाचा सात-आठ सेंटीमीटरचा थर दिला. शेफिल्ड विद्यापीठाचे जेम्स हिचमॉ असाच वाळूचा थर देऊन त्यावर पेरणी करतात, लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिक पार्कमध्ये त्यांनी आणि नायजेल डनेट यांनी काम केलं होतं. तर्क साधा आहे. या थरात तणाचं बी नाही, खालचं बी उगवलं तरी वर पोचेपर्यंत दमतं, आणि वरचा थर लवकर कोरडा पडतो त्यामुळे वाऱ्यावर आलेलं बी पण सहज रुजत नाही. आपली रोपं मात्र मुळांसकट खाली बसवलेली, त्यांना फरक पडत नाही.

खत नाही. कंपोस्ट नाही. हे वाचून लोक दचकतात म्हणून कारण लिहून ठेवते. इंग्लंडमध्ये रोथमस्टेडला एका गवताळ शेतावर १८५६ पासून प्रयोग चालू आहे, पार्क ग्रास नावाचा, त्यात वेगवेगळ्या पट्ट्यांना वेगवेगळी खतं देतात. ज्या पट्ट्यांना कधीच खत दिलं नाही तिथे चाळीसच्या आसपास जाती एकत्र नांदतात आणि जिथे दीडशे वर्षांहून जास्त काळ अमोनियम सल्फेटचा मारा झाला आणि जमीन आंबट झाली तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. खायला भरपूर मिळालं की दोन-तीन दांडगी गवतं उंच होतात आणि बाकीच्यांचा उजेड खातात. उपाशी जमिनीत कोणालाच दांडगाई परवडत नाही. आपली मुरमाड जमीन म्हणजे या कामासाठी आयती चालून आलेली गोष्ट आहे, लोक ती सुधारायला पैसे घालवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

४ जून २०२३

लागवडीची यादी पक्की केली.

अस्तर: मारवेल आणि पवना, मिळून एकूण रोपांच्या दोन-तृतीयांश. कुसळी थोडीच, आणि तीही पायवाटेपासून लांब. मागे भिंतीच्या बाजूला वाळ्याचे काही ठोंब, तो उंच होतो आणि त्याची मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात, शेजाऱ्याच्या वाटेला जात नाहीत.

फुलं: कोरांटी (पिवळी, काटेरी), उन्हाळी म्हणजे शरपुंखा, विष्णुक्रांता, कापूरमाधुरी, खुळखुळा. जमिनीखाली कंद: कळलावी, रानहळद, कुली. उंच उभं राहणारं म्हणून एक रुई आणि दोन तरवड.

कुठलं झाड किती आणि कसं लावायचं यासाठी मी रिचर्ड हान्सेन यांची पद्धत वापरतेय. त्यांनी जर्मनीत बहुवर्षायू झाडांना १ ते ५ असे सोबतीचे आकडे दिले होते, १ म्हणजे एकेकटं किंवा अगदी थोड्यांच्या घोळक्यात शोभणारं, ५ म्हणजे मोठ्या सलग ताटव्यात लावायचं. आपल्या झाडांचे आकडे कुठे तयार मिळत नाहीत, माळावर जाऊन ती कशी उगवतात ते बघून मीच दिले. रुई १. कळलावी १, फार तर २. कोरांटी २. उन्हाळी ३. विष्णुक्रांता ४-५, ती माळावरसुद्धा चटईसारखी पसरते. हे एकदा कागदावर आलं की आराखडा आपोआप होतो, आधी १ वाले उभे करायचे, मग ५ वाल्यांचे ताटवे, उरलेल्या सगळ्या जागेत अस्तर.

फाउंटन ग्रास मुद्दाम घेतलं नाही. दिसायला सुंदर आहे, सगळीकडे विकतात, पण हवाई आणि दक्षिण आफ्रिकेत ते बागेतून निसटून रानभर पसरलंय. पिवळा कॉसमॉस पण नाही, तो आपल्याकडे टेकड्यांवर आधीच पोचलाय.

१८ जून २०२३

दोन दिवस चांगला पाऊस झाला, जमीन वीतभर ओली. लागवड केली. चौरस मीटरला आठ-नऊ रोपं, म्हणजे दोन रोपांत ३३ ते ३५ सेंटीमीटर. सुरुवातीला विरळ वाटतं पण ऑगस्टपर्यंत पानं एकमेकांना लागतात, आणि पानं लागली की जमिनीवर सावली, आणि सावली म्हणजे तण कमी. रांगेत लावायचं नाही, हातात रोपं घेऊन चालत चालत टाकायची आणि मग थोडं इकडेतिकडे सारायचं.

कळलावीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो आणि दोन्ही टोकांना डोळा. टोक मोडलं तर त्या बाजूने कोंब येत नाही, म्हणून दोन्ही हातांनी उचलून आडवा ठेवायचा. हे झाड सगळंच्या सगळं विषारी आहे, कंद सगळ्यात जास्त, त्यात कोल्चिसीन नावाचं विष असतं. घरात लहान मुलं असतील तर लावू नका किंवा हात पोचणार नाही अशा जागी लावा. कंद हाताळून झाल्यावर मी साबणाने हात धुतले.

१६ जुलै २०२३

निंदणी. पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला एक फेरी, दुसरं काही नाही. कोवळ्या मारवेलचं रोप आणि तण यातला फरक ओळखणं महत्त्वाचं, मारवेलच्या पेराशी बारीक पांढऱ्या केसांचं कडं असतं, भिंगाने बघायचीही गरज नाही, पेर उन्हात धरलं की दिसतं. शंका आली तर उपटायचं नाही, आठवडाभर थांबायचं.

लव्हाळा येतोय. दिसला की खुरपीने खालून कापतेय, प्रत्येक वेळी. नवा कोंब काढताना गाठीतला साठा खर्च होतो, त्यामुळे पाच पानं व्हायच्या आत कापत राहिलं की ती थकते.

कडेला गाजर गवताच्या पानांवर पांढरट भुंगेरे दिसले, पाठीवर काळसर रेघा. हेच ते झायगोग्रामा, गाजर गवत खाण्यासाठी मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये भारतात सोडलेले. तेवढं एक झाड त्यांच्यासाठी ठेवलं, फुलायला लागलं की काढेन.

२० ऑगस्ट २०२३

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. "अगं, मागे केवढं रान माजलंय, माणूस बोलवून काढून का नाही घेत? साप येतील."

"काकू, मुद्दाम लावलंय हो. या ना, दाखवते."

आल्या, पायवाटेवरून शेवटपर्यंत चालल्या, कोरांटीची रोपं त्यांनी लगेच ओळखली. सापाचा मुद्दा त्यांचा बरोबर आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून घराच्या भिंतीपासून मीटरभर पट्टा कायम उघडा, नुसता मुरूम. पायवाट रुंद, दोन्ही पावलं स्पष्ट दिसतील इतकी. दगडांचे ढीग घराजवळ नाहीत.

दुसरं म्हणजे कडा. जोन नॅसॉर या लँडस्केप आर्किटेक्टने १९९५ मध्ये मांडलं होतं की लोकांना रान खुपत नाही, दुर्लक्ष खुपतं, त्यामुळे रानाभोवती निगेच्या खुणा ठेवा, कापलेली कड, सरळ वाट, नीट कुंपण. मी आज दगडाची कड पूर्ण केली आणि वाटेवर झुकलेलं गवत कापलं. तेवढ्यानेच जागा वेगळी दिसायला लागली, आणि काकू जाताना म्हणाल्या की आता काहीतरी केल्यासारखं वाटतंय.

२९ ऑक्टोबर २०२३

पाऊस संपला. पहिल्या वर्षी फुलं तुरळकच, हे अपेक्षित होतं, बहुवर्षायू झाडं पहिल्या वर्षी मुळांवर खर्च करतात. मारवेल मात्र तुऱ्यावर आलं, जांभळट. कुली आणि रानहळद वरून पूर्ण गेलेत, जागा विसरू नये म्हणून काड्या रोवून ठेवल्या.

पाणी डिसेंबरपर्यंत दोन आठवड्यांतून एकदा, खोलवर. त्यानंतर बंद.

२५ फेब्रुवारी २०२४

सगळं वाळलंय. पवना गव्हाळ, मारवेल त्याहून फिकट, कुसळी तांबूस. दुपारच्या वाऱ्यात कोरडा आवाज येतो. मला ही बाग आत्तासुद्धा सुंदरच वाटते आणि तिला हिरवं करायला पाणी द्यावंसं अजिबात वाटत नाही, ती झोपलीय, झोपू द्यावं.

पण वाळलेलं गवत म्हणजे आग. भिंतीच्या बाजूचे दोन मीटर आज जमिनीलगत कापून टाकले. कापलेलं बाहेर काढलं, ढीग ठेवला नाही. माळ पेटवतात तसं घरी पेटवणं हा विषयच नाही.

बाकी उभंच ठेवलं. ठिपकेवाल्या मुनियांचा थवा रोज सकाळी बी टिपायला येतो. आणि वाळलेल्या पोकळ काड्यांत छोट्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या घर करतात, कोरांटीच्या एका मोडलेल्या काडीच्या तोंडाशी भोक दिसलं, भोवती ताजा भुसा पडलेला.

२६ मे २०२४

वार्षिक छाटणी. ही पावसाच्या अगदी आधी. ऑक्टोबरमध्ये कापलं तर पक्ष्यांचं बी जातं आणि गवताचे बुंधे उन्हाळाभर उघडे भाजतात, पाऊस सुरू झाल्यावर कापलं तर नवे कोंब कापले जातात. विळ्याने गवत मूठभर उंचीवर, त्याहून खाली नाही. कोरांटी आणि उन्हाळीच्या काही काड्या गुडघ्यापर्यंत उंच ठेवल्या, त्या मधमाश्यांसाठी.

कापलेलं सगळं गवत उचलून नेलं. आच्छादन म्हणून ठेवायचा मोह होतो, पण ते कुजलं की खत, आणि खत इथे नकोय.

३० जून २०२४

दुसरं वर्ष म्हणजे काय ते आता कळतंय. पाऊस पडून आठवडा झाला नाही तोच रानहळदीची गुलाबी-जांभळी टोकं मुरमातून थेट वर आली, खालच्या पानांच्या खोबणीत पिवळी फुलं. कुलीची पांढरी चांदणीसारखी फुलं सगळीकडे. गवत अजून बोटभर असतानाच ही फुलून घेतात, गवत उंच झाल्यावर त्यांना कोण बघणार आणि कुठली माशी शोधणार. कंदवाल्या झाडांचं हे वेळापत्रक मला या सगळ्या प्रकल्पातलं सगळ्यात हुशार वाटतं.

१४ जुलै २०२४

युरोपातलं मॅट्रिक्स आणि आपलं यातला मोठा फरक आत्ता दिसतोय. तिकडची बरीच गवतं थंड हवेत सावकाश वाढणारी. आपली जवळपास सगळी सी-फोर प्रकारची, म्हणजे उन्हातून अन्न बनवायची त्यांची पद्धत गरम हवेला साजेशी, ऊन, ऊब आणि ओल एकत्र मिळाली की सुसाट. तीन आठवड्यांत मारवेल गुडघ्याच्या वर आणि खाली विष्णुक्रांता दिसेनाशी झाली.

माळावर हे होत नाही कारण तिथे जनावरं चरतात. इथे चरणारं कोणी नाही, तर ते काम विळ्याने करायचं. आज अर्ध्या भागातलं मारवेल निम्म्यावर कापलं. इंग्लंडमध्ये मेअखेर बहुवर्षायू झाडांची अशीच शेंडेछाटणी करतात, चेल्सी फ्लॉवर शोच्या सुमाराला म्हणून तिला चेल्सी चॉप म्हणतात. आपल्याकडे तिची वेळ जुलैचा मध्य. उरलेला अर्धा भाग तसाच ठेवला, तुलना करायला.

तिकडे गवताचा जोर कमी करायला यलो रॅटल नावाची अर्धपरजीवी वनस्पती पेरतात, ती गवताच्या मुळांतून पाणी आणि क्षार ओढते. आपल्याकडे हेच काम करणारा टारफुला आहे. पण तो ज्वारीचा वैरी, तो बागेत आणण्याचा विचारही करायचा नाही. विळाच बरा.

११ ऑगस्ट २०२४

कापलेल्या अर्ध्या भागात सकाळी विष्णुक्रांतेची निळी फुलं भरून आहेत, दुपारनंतर मिटतात. न कापलेल्या भागात एकही नाही. निर्णय झाला, दरवर्षी कापायचं, पण सगळं एकदम नाही, आलटून पालटून.

कारण न कापलेल्या भागात वटवट्या पक्ष्याने घरटं केलंय. गवताच्या पात्याच्या चिरफाळ्या काढून विणलेली पिशवी, चार-पाच ताठ काड्यांना बांधलेली. दिसल्याबरोबर तिकडची निंदणी बंद केली, पिल्लं उडेपर्यंत त्या बाजूला जायचं नाही.

रुईच्या पानाखाली प्लेन टायगर फुलपाखराची अंडी, एका पानाला एक. दोन अळ्या आधीच मोठ्या, काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. पानं कुरतडलीत, त्यासाठीच रुई लावली होती. मारवेलच्या पात्यावर इव्हनिंग ब्राऊन फुलपाखराची हिरवी अळी, डोक्यावर दोन शिंगं, नीट बघितल्याशिवाय गवतातून वेगळी दिसत नाही. लोक फुलपाखरांसाठी नुसती फुलं लावतात, पण अळीला पान लागतं आणि कितीतरी फुलपाखरांना ते गवताचंच लागतं.

कळलावी कोरांटीवर चढलीय. आधाराला तिला वेगळे तणावे नाहीत, पानाचं टोकच लांब होऊन गुंडाळतं. फुलं खाली पिवळी, वर शेंदरी, दिवस जातील तशी पूर्ण लाल.

१७ नोव्हेंबर २०२४

कुसळीचं बी गोळा केलं. याच्याबद्दल लिहिलंच पाहिजे. बियाण्याचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले केस, आणि वर लांब काळपट कुसळ, पीळ पडलेलं. आज एक बी ओल्या बोटावर ठेवलं आणि कुसळ हळूहळू उलगडायला लागलं, डोळ्यांना दिसेल इतक्या वेगात गोल फिरत. वाळल्यावर परत उलट पीळ. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन, एवढ्यावर ते बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं, आणि मागे वळलेल्या केसांमुळे उलट बाहेर येत नाही. म्हणूनच ते मोज्यात, मेंढीच्या लोकरीत आणि कुत्र्याच्या पंज्यात पण घुसतं. घरात कुत्रा असेल तर कुसळी लावू नये, पवन्यावर भागवावं.

१३ जुलै २०२५

तिसरं वर्ष. निंदणीला आता महिन्यातून एक फेरी पुरते. लव्हाळा फक्त कडेला. आता उपटायला लागतात ती आपलीच पोरं, तरवडाची आणि खुळखुळ्याची रोपं सगळीकडे. तरवड दोनच हवेत, सगळे ठेवले तर पाच वर्षांत झुडपांचं रान होईल आणि गवत जाईल. तेव्हा काढले, मूळ सोटासारखं खोल असतं म्हणून ओल्या जमिनीतच.

खुळखुळ्याची थोडी ठेवली. त्याच्या वाळक्या फांद्यांवर टायगर जातीची नर फुलपाखरं झुंबड करतात, त्यातली अल्कलॉइड्स, म्हणजे झाडातली विषारी रसायनं, शोषायला.

२१ सप्टेंबर २०२५

सगळ्यात भरलेला आठवडा. मारवेलचे जांभळे तुरे, उन्हाळीची गुलाबी फुलं, कोरांटीला कळ्या. सकाळी निळ्या पट्ट्याची मधमाशी आणि भुंगे. या पावसाळ्यात मधे मोठा खंड पडला तरी पाणी दिलं नाही, पवना थोडा मलूल झाला आणि पाऊस आल्यावर परत उभा राहिला.

कापूरमाधुरी टिकली नाही, मधल्या दाट भागातून पूर्ण गेली, फक्त दगडी कडेला ऊन मिळतं तिथे आहे. ती तिथेच राहू दे, तिला तीच जागा आवडते. विष्णुक्रांता पण वाटेच्या दोन्ही बाजूंना सरकतेय, आराखड्यात ती आत होती. आता आराखडाच तिच्यामागे नेतेय.

१६ नोव्हेंबर २०२५

बी गोळा करणं चालू. पवना आणि मारवेल वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत, वर्ष लिहून. शेजारच्या काकूंनी कोरांटीच्या फांद्या आणि थोडं मारवेल मागितलंय त्यांच्या कुंपणाला, फांद्या पावसाळ्यात देईन, त्या लगेच लागतात.

पुढच्या वर्षीची कामं: फेब्रुवारीत भिंतीकडचा पट्टा आधी. मेअखेर छाटणी. मधल्या भागात मारवेलने पवन्याला मागे रेटलंय, तिथले मारवेलचे काही ठोंब जूनमध्ये काढून पवन्याची रोपं लावायची, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ट्रे भरायला हवेत आणि त्यासाठी बी दुप्पट.